सदातुर वाहनचालक : परानुरोध, वेगधारण आणि कामातील समाधान

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, फलमात्रासिद्धी या अकराव्या अध्यायाच्या अखेरीस, अग्निवेश आपल्या गुरूंना एक वेगळाच प्रश्न विचारतो. नित्य आजारी असणारे लोक कोणते, आणि त्यांना हितकर काय? उत्तरात चार वर्गांचा उल्लेख येतो : श्रोत्रिय, राजसेवक, गणिका आणि पण्यजीवी. हे चारही वर्ग प्रकृतीवरून, वयावरून वा देशावरून पाडलेले नाहीत. ते व्यवसायावरून पाडलेले आहेत. राजसेवक आजारी का, तर तो राजाचे मन राखतो, दुसऱ्याच्या इच्छेने चालतो, पुष्कळ चिंता करतो आणि भितो. व्यापारी आजारी का, तर तो सतत बसून असतो आणि देवघेवीच्या लोभातून उठत नाही. या सर्वांत समान काय, तर आलेले वेग ते रोखतात आणि जेवणाची वेळ पाळत नाहीत. पुढे आचार्य असेही सांगतात की, अशाच रीतीने वागणारे जे अन्य कोणी असतील तेही सदातुरच समजावेत.

या ‘अन्य’ वर्गात आज पहिले नाव कोणाचे घालावे, असे विचारल्यास आम्ही व्यावसायिक वाहनचालकाचे घालू. राजसेवकाचा परानुरोध आणि पण्यजीवीचे अखंड आसन ही दोन्ही त्याच्या एकाच खुर्चीत एकत्र आली आहेत. कामाच्या ठिकाणचा मानसिक ताण आणि कामातील समाधान हे विषय आपल्याकडे सामान्यतः मानसशास्त्राचे मानले जातात. परंतु चालकाच्या बाबतीत हा ताण मनाच्या तक्रारीच्या रूपाने आपल्या दारी क्वचितच येतो. तो मूळव्याध, अम्लपित्त, कटिशूल, मूत्रदाह यांचे रूप घेऊन येतो. आपण त्या रूपावर औषध देतो आणि मूळ हेतू गाडीत तसाच बसून राहतो. प्रस्तुत लेखात हा हेतू ओळखावा कसा, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे चालकाला औषध देताना कोणते भान ठेवावे, याचा विचार करावयाचा आहे.

कामाचे स्वरूप

‘चालक’ हा एकच शब्द असला तरी त्याखाली फार वेगवेगळी माणसे येतात. एस.टी.ची मुक्कामी गाडी घेऊन जाणारा चालक रात्री गावात पोहोचतो, मिळेल तेथे अंग टाकतो आणि पहाटे पहिल्या फेरीसाठी उठतो. त्याला वेतन व निवृत्तीची शाश्वती असते. पण उद्या कोणत्या मार्गावर जायचे हे फलकावर लागेपर्यंत त्याला ठाऊक नसते. उरणच्या बंदराबाहेर कंटेनर घेऊन रांगेत थांबलेल्या चालकाचा प्रश्न याच्या उलट आहे. त्याला चालवण्यापेक्षा थांबणेच अधिक, आणि रांग केव्हा पुढे सरकेल हे अनिश्चित असल्याने त्याला झोपताही येत नाही, गाडी सोडून शौचालाही जाता येत नाही. कळंबोलीच्या पोलादबाजारातून माल भरून निघालेला चालक ‘माल अमुक वेळेला पोहोचलाच पाहिजे’ या शब्दावर बांधलेला असतो. शहरातील भाड्याची मोटार चालवणारा तरुण कोणाचा नोकर नसतो. तरी मोबाइलवर येणारी पुढची सवारी आणि प्रवाशाने दिलेले गुण यांचा तो नोकरच असतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी सर्वसाधारण मर्यादा घातली होती. कार्यस्थळावरील सुरक्षा व आरोग्यविषयक २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तो कायदा तिच्यात सामावला गेला; दिवसाच्या ८ तासांचे माप तिनेही राखले आहे. मालमोटारीवर एकटाच चालक असेल तर हे माप कोण मोजतो, हा प्रश्न वाचकांनी आपल्या गावच्या ढाब्यावर विचारून पाहावा.

आधुनिक निरीक्षणे

पाश्चात्त्य वैद्यकाला व्यवसायजन्य हृद्रोगाची वाट प्रथम दाखवली ती बसनेच. १९५३ साली जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांपेक्षा बसून असणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक व अधिक घातक आढळला. हा निष्कर्ष आपल्याकडेही वारंवार सांगितला जातो. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १९५६ साली याच मंडळींनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचे कमरेचे माप वाहकांपेक्षा मोठे, आणि तेही तरुण वयापासूनच मोठे असल्याचे दिसले. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता. प्रकृती आणि व्यवसाय यांचा संयोग पाहिल्याशिवाय निदान करू नये, हे आपण ज्या शब्दांत सांगतो त्याच अर्थाचा हा धडा आहे.

१९७९ साली रॉबर्ट कारासेक यांनी मांडलेले सूत्र आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. कामाचा बोजा जास्त असला म्हणजेच ताण होतो असे नाही. बोजा जास्त आणि ते काम कसे व केव्हा करावे याविषयी स्वतःचा अधिकार कमी, अशी जोडी जमली म्हणजे ताण घातक ठरतो, असे त्यांचे म्हणणे. चालकाचे काम या सूत्राचे ठळक उदाहरण होय. क्षणभरही नजर ढळू द्यायची नाही, चूक झाली तर माणसे मरतात. आणि वेळापत्रक, रस्ता, गर्दी, टोलनाका, मालक, प्रवासी यांपैकी काहीही त्याच्या हाती नाही. राजसेवकाच्या आजाराचे कारण सांगताना चरकाने वापरलेला ‘परानुरोध’ हा शब्द आणि कारासेक यांची अधिकारशून्यता यांत आम्हाला फारसे अंतर दिसत नाही. फरक आहे तो पुढच्या पायरीत. परानुरोधाचा परिणाम देहापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो हे चरकाने सांगून ठेवले आहे. तो मार्ग वेगधारणाचा.

वेगधारण : चालकाचे खरे निदान

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेले तेरा अधारणीय वेग चालकासमोर बसून एकेक करून विचारावेत. मूत्र, पुरीष आणि अपानवात तर उघडच आहेत. क्षुधा आणि तृष्णा तो रोखतो. भूक तंबाखूने मारली जाते; पाणी तो मुद्दाम कमी पितो, कारण पाणी प्याले की थांबावे लागते. जांभई आली की तोंडावर पाणी मारून ती परतवली जाते, आणि निद्रेचा वेग रोखणे हेच तर रात्रीच्या फेरीचे काम. अशा रीतीने तेरांपैकी निम्म्याहून अधिक वेग एकाच पाळीत रोखले जातात. अन्य कोणत्या व्यवसायात हे होत असेल, याविषयी आम्हाला शंका आहे. वाहक भगिनींची स्थिती याहून बिकट असते, कारण रस्त्याकडेला गाडी थांबली तरी त्यांची सोय होत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता लक्षणे पाहावीत. मूत्रवेग रोखल्याने बस्तिप्रदेशी शूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल व वंक्षणात ताठरपणा सांगितला आहे. पुरीषवेगाने पक्वाशयशूल, मलवाताचा अवरोध, आध्मान आणि पिंडिकोद्वेष्टन, म्हणजे पोटऱ्यांत गोळे येणे. निद्रावेगाने अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग व डोळ्यांचे जडत्व. हे सर्व एकत्र लिहून काढले तर ते लांब पल्ल्याच्या चालकाचे रुग्णपत्रकच होते. पोटरीतील गोळ्यांसाठी तो हाडवैद्याकडे जातो, डोळ्यांसाठी चष्म्याच्या दुकानात, पोटासाठी आपल्याकडे आणि लघवीच्या जळजळीसाठी औषधाच्या दुकानात. हेतू एक, दारे चार.

याच्या जोडीला सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायातील महादोषकर भावांपैकी दोन येतात : रथक्षोभ आणि अत्यासन. वाहनाच्या धक्क्यांनी सांधे शिथिल होणे, कुक्षीत क्षोभ, कटी-पृष्ठ-वंक्षणात वेदना, मान व खांद्यांचे दौर्बल्य, पायांना सूज ही तेथील वर्णने आजच्या भाषेत संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांचे परिणाम म्हणून ओळखली जातात. अर्शाच्या निदानातही कठीण व विषम आसनाबरोबर क्षोभकारक यान सांगितलेले आहेच. मालमोटारीच्या कक्षातील उष्णता पित्ताला वेगळे निमित्त देते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. त्याच अध्यायात धारणीय, म्हणजे रोखावयाचे वेगही दिले आहेत. त्यांत क्रोध, भय, शोक यांचा समावेश आहे. चालकाला दोन्ही रोखावे लागतात. प्रवासी अपशब्द बोलला, समोरून दुचाकी आडवी आली, मालकाने दूरध्वनीवर ओरडा केला, तरी हात सुकाणूवर स्थिर हवा. क्रोध रोखणे शास्त्रसंमत आहे खरे. पण दिवसातून पन्नास वेळा क्रोधाचे कारण उत्पन्न व्हावे आणि पन्नास वेळा तो गिळावा, अशी व्यवस्था शास्त्रकारांना अभिप्रेत असेल असे आम्हाला वाटत नाही.

समाधान कशाने मिळते

चालकांशी बोलताना आम्हाला सतत जाणवत आले आहे की, पुष्कळांना आपले काम आवडते. घाट सफाईने उतरवणे, पावसाळ्यात गाडी वेळेवर आणणे, वीस वर्षांत एकही अपघात न होणे, याचा त्यांना रास्त अभिमान असतो. असमाधान चालवण्याविषयी नसते. चालवण्याभोवती जे असते त्याविषयी असते. ठरावीक मार्गावर वर्षानुवर्षे असलेला चालक आणि रोज बदलत्या मार्गावर पाठवला जाणारा चालक यांचे वेतन समान असले तरी दुसऱ्याचा कोठा अधिक क्रूर असतो, असे आमचे निरीक्षण आहे. स्वतःची गाडी असलेला मालकचालक कर्जाच्या हप्त्याने चिंताक्रांत असतो, पण भूक लागली की ढाब्यावर थांबतो. त्याची झोप बिघडलेली आढळते. अग्नी तुलनेने बरा असतो.

वेतनाचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात पगार हा प्रश्न होताच; परंतु मुख्य मागणी शासनात विलीनीकरणाची, म्हणजे स्थैर्याची व दर्जाची होती. त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, हे आपण विसरता कामा नये. जानेवारी २०२४ च्या आरंभी मालमोटारचालकांनी केलेले आंदोलन तर भयाचे होते. अपघातानंतर माहिती न देता निघून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्यायसंहितेत होती. थांबलो तर जमाव मारेल आणि निघालो तर तुरुंग, असे चालकांचे म्हणणे होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना हे उपकलम वगळून ठेवण्यात आले. कायद्याच्या योग्यायोग्यतेत न शिरता वैद्याने एवढे ध्यानी घ्यावे की, हे भय चालकाच्या सोबत रोज गाडीत असते.

यास्तव चालक रुग्णाची प्रश्नपरीक्षा थोडी निराळी करावी. गाडी कोणाची? पाळी कोण ठरवतो आणि किती आधी कळते? गेल्या आठवड्यात घरी किती रात्री झोपलात? पहिले पाणी केव्हा पिता? गाडी थांबवावीशी वाटली तर थांबवता येते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही रुग्णपत्रकावर लिहून ठेवतो. साध्यासाध्यतेचा अंदाज त्यावरून बराच बांधता येतो. एक मालमोटारचालक आमच्याकडे अम्लपित्तासाठी वर्षभर येत होता. कामदुधा, सूतशेखर, अविपत्तिकर यांनी दहा-पंधरा दिवस उपशय आणि पुन्हा पूर्ववत. त्याने रात्रीची लांब फेरी सोडून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात दुधाची गाडी धरली. उत्पन्न घटले, पण औषध दोन महिन्यांत बंद झाले. प्रत्येकाला काम बदलता येत नाही हे खरे. तथापि पाळी बदलून मिळावी यासाठी वैद्याने लिहून दिलेले स्पष्ट पत्र कधी कधी उपयोगी पडते, आणि ते देण्यास आपण कचरू नये.

निराशा, जगण्याचा कंटाळा, वाढलेले मद्यपान दिसल्यास सरळ विचारावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तो क्रमांक द्यावा आणि मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. स्थूल, जाड मानेचा, मोठ्याने घोरणारा व दिवसा पेंगणारा चालक आला तर झोपेतील श्वासावरोधाची तपासणी अवश्य करवून घ्यावी. त्याला ब्राह्मी देऊन स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

औषध देताना

येथे औषधी दुकानदार बंधूंचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे, कारण चालक वैद्याकडे एकदा येतो तेव्हा दुकानात दहादा जातो.

पहिली गोष्ट आसवारिष्टांची. यांतील स्वयंजनित मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ.हून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड वा दोन्ही होऊ शकतात. आता हिशोब पाहू. ८ टक्के मद्यार्क असलेले अभयारिष्ट २० मि.लि. घेतल्यास सुमारे सव्वा ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. ६० किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात त्याची पातळी सुमारे ३ मि.ग्रॅ. होईल, म्हणजे मर्यादेच्या दशांश. तेव्हा योग्य मात्रेने कोणी दोषी ठरण्याचे कारण नाही. परंतु घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटे तोंडातच मद्यार्काची वाफ असते, आणि त्या वेळी श्वासचाचणी झाली तर यंत्र भलताच आकडा दाखवू शकते. ज्याची नोकरी त्या यंत्रावर अवलंबून आहे त्याला हे सांगितलेच पाहिजे : औषध काम संपल्यावर घ्यावे, समभाग पाण्यातून घ्यावे, नंतर चूळ भरावी. त्याहून बरे म्हणजे चालकासाठी काढा, चूर्ण वा वटी योजावी. मात्र द्राक्षासवाची बाटली ‘ही काही दारू नव्हे’ म्हणून एका बैठकीत निम्मी संपवणारेही असतात. २०० मि.लि. पोटात गेले की वरच्याच हिशोबाने ३० मि.ग्रॅ.ची मर्यादा गाठली जाते. असे गिऱ्हाईक ओळखू आल्यास दुसरी बाटली देऊ नये.

दुसरी गोष्ट तंद्राकर द्रव्यांची. तगर, जटामांसी, सर्पगंधा, खुरासानी ओवा यांचे योग, तसेच भांगयुक्त जातीफलादी चूर्ण चालकाला कामाच्या वेळेपूर्वी देऊ नयेत. सर्पगंधेने रक्तदाब उतरून एकाएकी चक्कर येऊ शकते. सर्दीच्या आधुनिक गोळ्यांतील क्लोरफेनिरामीनही तितकेच गुंगी आणणारे आहे. अहिफेनयुक्त कामिनी विद्रावण रसाविषयी वेगळे सांगावयास हवे. ‘कामिनी’च्या गोळ्यांनी अफूची सवय जडल्याची रुग्णवृत्ते ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. अहिफेन, भांग, धोत्रा, खुरासानी ओवा ही द्रव्ये औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात आहेत आणि त्यांच्या योगांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. ‘थकवा जातो, जागता येते’ अशा तोंडी शिफारशीवर हा योग मागणाऱ्या चालकास तो चिठ्ठीविना देणे म्हणजे त्या सूचनेला अर्थ न ठेवणे होय.

तिसरी गोष्ट अगदी साधी, परंतु सर्वांत अधिक दुर्लक्षित. गंधर्वहरीतकी वा त्रिफळा ‘रात्री झोपताना’ असे आपण सवयीने लिहितो. रात्री दहाला गाडी काढणारा चालक ते दहाला घेतो आणि पहाटे घाटात त्याला वेग येतो. मग तो वेग रोखतो; औषधाने ज्याची चिकित्सा करावयाची, तेच औषधाने घडते. यासाठी घड्याळाची वेळ न लिहिता ‘काम संपवून झोपण्यापूर्वी’ असे लिहावे. वमन-विरेचन तर रजा हाती असल्याशिवाय आरंभूच नये, आणि शिरोधारेनंतर रुग्णाने स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये.

झोपेविषयी वाग्भटाचा नियम चालकांना समजावून सांगितला तर तो पटतो : जितके जागरण घडले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावे. प्रत्यक्षात रात्रपाळीहून आलेला चालक आधी भरपेट जेवतो आणि मग झोपतो. त्याच्या अम्लपित्ताचे अर्धे कारण तेथे आहे. यानाने व जागरणाने थकलेल्यांना दिवास्वप्न सर्व ऋतूंत अनुज्ञात आहे, हे सांगितल्याने घरच्या मंडळींचाही आक्षेप मिटतो.

चिकित्सेचा क्रम चरकानेच दिला आहे. सदातुरांच्या अवरुद्ध वाताला आधी स्निग्ध फलवर्ती, नंतर बस्ती. यातून व्यवहारात आम्ही मात्राबस्तीवर भर देतो, कारण यानाने कर्षित झालेल्यांसाठी ती स्पष्टपणे सांगितलेली आहे व तिला विशेष परिहार नाही. सहचर तेल वा तिळतेल ६० मि.लि., आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी आणि लागून येणाऱ्या रात्रमुक्कामविरहित दिवसांत, जेवणानंतर. परिहार नाही म्हणून ती कामावर निघण्यापूर्वी द्यावी असा अर्थ मात्र कोणी करू नये. स्नेह परत येण्याची वेळ आपल्या हाती नसते आणि बस थांबवणे त्याच्या. कटी, पृष्ठ व पोटऱ्यांना रोज तेल चोळणे, दर दोन-तीन तासांनी गाडी थांबेल तेथे उतरून शंभर पावले चालणे, बरोबर पाण्याची बाटली व चार लाह्या-मनुका ठेवणे, एवढे तो स्वतः करू शकतो. उन्हाळ्यात धणे-जिऱ्याचे पाणी द्यावे. मूत्रदाह असल्यास गोक्षुरादी गुग्गुळ. पाणी वाढवण्यास सांगताना वाटेतील कोणत्या स्थानकावर, कोणत्या ढाब्यावर स्वच्छतागृह आहे याची यादी त्याच्याच तोंडून करवून घ्यावी आणि थांबे त्याप्रमाणे ठरवून द्यावेत. नुसते ‘पाणी भरपूर प्या’ असे सांगितलेला चालक पुढच्या भेटीपर्यंत पाणी वाढवीत नाही, असा आमचा अनुभव आहे.